उजवा पाय

१२ जानेवारी
…आणि दूध उतू गेलंच, कारण माझं लक्ष खिडकीबाहेर, वाऱ्याकडे. ओटा पुसला. हे थर्मास विसळत होते. मी कपडे वाळत घातले, ओली चादर कुठल्या बाजूला फुगते ते पाहिलं आणि म्हटलं, आज वारा उत्तरेचा. मग केर काढला, कुलूप लावलं आणि आम्ही दोघं विमान उडवायला गेलो. साधी रविवारची सकाळ. आज भूल उतरताना नेमकी तीच आठवली. तोंडाने बोललेही असेन, कारण लेक नर्सला विचारत होती, ही उत्तरेला कुठे निघालीय?

उजवा गुडघा नवा बसवला. सर्जन म्हणाले, विमानाचं सहा महिन्यांनी बघू. हे ‘बघू’ मला चांगलं ठाऊक आहे. लेकीने लहानपणी सायकल मागितली की मी हेच म्हणत असे. संकल्प: सहा महिने त्यांचे, तीन माझे.

१९ जानेवारी, सकाळ
फिजिओथेरपिस्ट घरी आली. मला आजी म्हणते. म्हणाली, आजी, आपलं ध्येय काय? मी म्हटलं, तीन हजार फूट. ती म्हणाली, आधी बाथरूम.
संकल्प: हिच्यावर चिडायचं नाही.

दुपार
चिडले.

३ फेब्रुवारी
लेकीने आज जेवताना विषय काढला. विमान विकून टाकू. कुणी दातांचा डॉक्टर आहे, दोनदा बघून गेला म्हणे. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, ते नुसतं शेडमध्ये झाकून पडलंय, असं म्हणाली. मी म्हटलं, मीही नुसतीच पडलेय, मलाही दाखव त्याला.

ह्यांचं हृदय तपासणीत नापास झालं तेव्हापासून डाव्या सीटवर, म्हणजे चालवणाऱ्याच्या जागी, मी. हे शेजारी, प्रवासी म्हणून, मांडीवर नकाशा पसरून. आठ वर्षं. माझी शाळा आठवीत सुटली, पण हवामानाची आणि इंजिनाची पुस्तकं मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचली आणि परवाना मिळवला. तो काय दाढा उपटणाऱ्याला विमान देऊन टाकायला?

शेवटी ठरलं ते असं. एप्रिलमध्ये फ्लाइंग क्लबच्या प्रशिक्षकाबरोबर तपासणीचं उड्डाण. जमलं तर विमान माझं. नाही जमलं तर दातवाल्याचं. शब्द दिला. द्यायला काय जातं, जमणारच आहे.

२१ फेब्रुवारी
गुडघा वाकत नाही. फिजिओ म्हणते, वाकतोय. मग मला का कळवत नाही?

आज भिंतीला दोन जुन्या चपला चिकटवल्या, विमानाची पायाने दाबायची पेडलं समजून, आणि जमिनीवर बसून सराव केला. उजवी, डावी, उजवी. उत्तम झाला. उठता आलं नाही. लेक ऑफिसातून आली तेव्हा मी तिथेच. तिला सांगितलं, मुद्दाम बसलेय, फरशी गार लागते. ती काही न बोलता काखेत हात घालून उठवायला लागली. तिचं हे न बोलणं मला अजिबात आवडत नाही. बापाकडून उचललंय.

चपलांबरोबर भिंतीचा रंगही निघाला. तो आधीपासूनच सैल होता.

१४ मार्च
जिना चढले. फिजिओने टाळ्या वाजवल्या. मी काय रांगणारं बाळ आहे? पण म्हणाली, आजी, पायात एवढी ताकद माझ्या तरुण पेशंटांच्याही नसते. ती मुलगी वाटते तेवढी मूर्ख नाही. सर्जननेही उडायला हरकत नाही अशा कागदावर सही केली, तोंड पाडून.

संध्याकाळी दातवाल्याचा फोन. पेट्रोलच्या टाकीला गळती आहे का, विचारत होता. मी म्हटलं, तुम्ही आधी लोकांच्या दातांतली भोकं बुजवा. लेकीने हातातून फोन काढून घेतला. रात्रभर माझ्याशी बोलली नाही. मीही नाही. मी सुरुवात तिच्या आधी केली होती.

४ एप्रिल, सकाळ
वारा मंद. गुडघा मऊ. आजचा दिवस माझा.

दुपार
प्रशिक्षक गाढव आहे.

शेजारी बसला आणि दोन्ही पाय आखडून सीटखाली घेतले, बाकावर बसल्यासारखे. मी इंजिनाला पूर्ण जोर दिला. जोर दिला की हे विमान नाक डावीकडे ओढतं, उजवं पेडल दाबून ते सरळ ठेवायचं. हे पहिल्या धड्यात शिकवतात. विमान धावपट्टी सोडून डावीकडे, गवताकडे निघालं. तो म्हणाला, काकू, उजवा पाय. मी म्हटलं, दाबतेय. त्याने जोर काढून घेतला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा कडेचा दिवा थोडक्यात वाचला. मी म्हटलं, हा मेला गुडघा. तो म्हणाला, गुडघा ठीक आहे काकू, तुमचा पाय जागचा हलतच नाहीये.

मी म्हटलं, आठ वर्षं मी हे विमान सरळ उडवलंय. त्याने विमान वळवून शेडकडे नेलं.

सर्जनने काहीतरी उलटं बसवलंय. किंवा विमान झाकून ठेवल्यामुळे आखडलं असेल. उद्या दोघांनाही जाब विचारणार.

संध्याकाळ
दुपारी पूर्ण लिहिलं नाही. लिहिते.

ह्या विमानाला दार एकच, उजव्या बाजूला. उतरताना मला शेजारच्या सीटवरून सरकावं लागतं. नवा गुडघा मध्येच अडकला. प्रशिक्षक पंखावर उभा राहून हात देत होता आणि मी ह्यांच्या सीटवर वाकडी पडून खाली बघत होते. पेडलांची जोडी दोन्ही सीटपुढे असते, एकीकडचं दाबलं की दुसरीकडचंही दबतं, आणि त्यांवर खाचांचं रबर असतं. मी डावीकडे बसायला लागले तेव्हा चारही पेडलांना नवं बसवलं होतं. माझ्या उजव्या पेडलावरच्या खाचा अजून कोऱ्या आहेत. ह्यांचं उजवं पेडल झिजून गुळगुळीत झालंय.

प्रशिक्षकाला विचारलं, तुला ठाऊक होतं? तो म्हणाला, काका म्हणायचे, ती वारा बघते, मी पाय बघतो, तिला बोलू नकोस.

म्हणून तो नकाशा. रस्ता पाठ असलेल्या माणसाला मांडीभर नकाशा कशाला लागतो, हे मी एकदाही विचारलं नाही.

जिना चढताना धाप लागायची त्यांना. पिशवीसुद्धा मी उचलू देत नसे. आणि दर रविवारी माझ्या वाटचं पेडल दाबत बसायचे, वर माझी पाठ थोपटायचे, काय सरळ गेलं म्हणून. परवान्याच्या परीक्षेपुरता माझा पाय दाबत होता, पुढे ह्यांच्या पायाने त्याची सवयच मोडली. एकदा सांगितलं असतं तर पुन्हा शिकले नसते का? नसते. आधी महिनाभर अबोला धरला असता. तो धरला असता आणि मग शिकले असते. तेवढा महिना सोसायला काय झालं होतं ह्यांना? मला इतका राग आलाय आणि तो काढायला घरात माणूस नाही. लेक विचारायला आली, काय झालं. मी म्हटलं, गुडघा दुखतोय. तिने शेकायला पाण्याची पिशवी आणून दिली. घेतली.

६ एप्रिल
काल सकाळी दातवाल्याला फोन केला आणि विमान घेऊन जा म्हणून सांगितलं. त्याने विचारलं, गुडघ्यामुळे का? मी म्हटलं, हो. मग क्लबात गेले, शिकाऊ विमानात बसले आणि प्रशिक्षकाला पाय सीटखाली ठेवायला सांगितलं. जेवायच्या वेळेपर्यंत धावपट्टीशेजारच्या रस्त्यावर विमान या टोकापासून त्या टोकापर्यंत जमिनीवरच चालवलं. उडाले नाही.