पेपरातला, पुस्तकातला आणि आमच्या घरातला

प्रति,
मा. ग्रामविकास अधिकारी साहेब,
गट ग्रामपंचायत शेलवणपाडा,
ता. भिवंडी, जि. ठाणे.

अर्जदार : नवशा काळूराम तरे, वय ५६, काम – गोदामावर वॉचमन, रा. शेलवणपाडा.

विषय : वर्तमानपत्रातील व्यंगचित्र, चित्रकथेतील नायक आणि अर्जदार हे तिघे एकच व्यक्ती असल्याचा दाखला रद्द करून मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाने अर्जदारास दिलेला 'एकच व्यक्ती' दाखला (झेरॉक्स सोबत).

महोदय,

सविनय सांगणे असे की, हा अर्ज अर्जदाराची पत्नी चंद्रा हिने लिहिला आहे. ती बचत गटाची सचिव असून सभेचे इतिवृत्त तीच लिहिते, त्यामुळे घरातली लिखापढीही तिच्याच गळ्यात आहे. ती पतीचे नाव तोंडाने घेत नाही आणि हाताने लिहीतही नाही. वरचे नाव सून मृणाली हिने लिहून दिले. या प्रकरणात त्याच नावाचे तिघे असल्याने पुढे त्यांना अर्जदार, पेपरवाला आणि पुस्तकवाला असे म्हटले आहे. गोंधळ होणार नाही. झालाच तर आपल्या कार्यालयात झाला त्याहून मोठा नसेल.

१. पेपरवाला कोण, ते आधी सांगते. कामतघरहून 'धोटा' नावाचे साप्ताहिक निघते. त्यात गेल्या दिवाळीपासून एका वॉचमनचे व्यंगचित्र येते. हा इसम गोदामाच्या गेटवर खुर्चीत मान टाकून, तोंड उघडे ठेवून झोपलेला असतो आणि दर आठवड्याला त्याच्या पाठीमागून काहीतरी चोरीला जाते. आधी कापडाचे तागे गेले, मग टेम्पो गेला, मागच्या अंकात खुद्द गेट गेले. चित्र काढणारे श्री. भूपेश यांनी अर्जदाराला तोवर कधी पाहिलेले नव्हते.

पुस्तकवाला त्याच दिवाळीत जन्मला. खारबावच्या शिक्षिका सुकन्याताई यांनी मुलांसाठी चित्रकथा छापली. त्यातही वॉचमनच आहे, पण याची छाती कपाटाएवढी. तो एका हाताने कंटेनर उचलतो आणि चोरांना पंच्यात बांधून पोलीस चौकीत नेऊन ठेवतो. भूपेश आणि सुकन्याताई एकमेकांना ओळखतही नाहीत. नाव गावाकडचे वाटावे म्हणून घेतले, असे दोघांचेही म्हणणे आहे. आपल्या तालुक्यात घरटी एक माणूस गोदामावर आहे आणि नवसाने झालेल्या पोराला हे नाव ठेवायची जुनी रीत आहे, तेव्हा दोघांना दोष देता येत नाही. चंद्रा द्यायला गेली होती, पण सुकन्याताईंनी चहा केला.

२. अर्जदार हे राहनाळ येथील गोदामावर दिवसपाळी करतात. माणूस कमी बोलणारा आणि वेळेला पक्का. तेथील सुपरवायझर विशाल याने पेपरवाल्याचे चित्र कापून गेटवर चिकटवले. हमाल येता-जाता चित्राकडे बघत आणि मग अर्जदाराकडे. इकडे गावातली मुले अर्जदार म्हणजे पुस्तकवालाच असे धरून चालली. दंड चाचपून बघू लागली. अर्जदार त्यांना म्हणाले, "मी न्हाय रं तो." त्याने उलटेच झाले. पुस्तकातलाही आपली ताकद लपवण्यासाठी दर तीन पानांनी हेच म्हणतो, असे मुलांनी पुस्तक उघडून दाखवले.

३. अशात ठकुबाईची म्हैस खाजणाच्या चिखलात रुतली. मुले अर्जदाराला घरून ओढत घेऊन गेली. वास्तविक तिथे जेसीबी बोलावता आला असता. पण सगळे गाव जमलेले, मुले नावापुढे काका लावून ओरडत होती, आणि साहेब, चंद्राने तीस वर्षांत पहिल्यांदाच अर्जदाराला विचार न करता काही करताना पाहिले. ते चिखलात उतरले आणि म्हशीला खांदा लावला. तेवढ्यात ठकुबाईने पेंडीची पाटी दाखवली आणि म्हैस आपल्या पायांनी बाहेर आली. अर्जदाराला मात्र चौघांनी बाहेर काढले. मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्या कोणासाठी हे चंद्राने विचारले नाही.

४. डॉक्टरांनी पाठीसाठी गोळ्या दिल्या. गोळीने झोप येते हे त्यांनी सांगितले होते आणि चंद्रानेही बजावले होते. तरी खाडा नको म्हणून अर्जदार ड्युटीवर गेले आणि दुपारी खुर्चीत त्यांचा डोळा लागला. विशालने मोबाइलवर फोटो काढला. मान, तोंड, मांडीवरची काठी, सगळे पेपरवाल्यासारखे. म्हणजे पुस्तकवाल्याच्या नादाने पाठ मोडली आणि पाठीपायी अर्जदाराचा पेपरवाला झाला. विशाल म्हणाला, "काका, शेठने फोटो बघितलाय. पेपरातला तो तुम्ही नाही असं सही-शिक्क्याचं आणा, नाहीतर एक तारखेपासून दुसरा माणूस बघतो." घर या पगारावर चालते आणि ५६ व्या वर्षी दुसरे गेट मिळत नाही, हे आपणास वेगळे सांगायला नको.

५. म्हणून अर्जदार आपल्या कार्यालयात आले. लिपिक श्री. देवेश यांच्यापुढे पेपर आणि पुस्तक ठेवून, हे तिघे वेगळे असल्याचा दाखला मागितला. आता आपल्या गावात जमिनी गोदामांना गेल्यापासून जो येतो तो एकाच कामासाठी येतो. सातबाऱ्यावर बाळ्या, आधारवर बाळाराम, बँकेत बी. के., आणि तिघे एकच असल्याचा दाखला हवा. देवेशभाऊंच्या हाताला तेच वळण पडले आहे. अर्जदार आपले म्हणणे सांगत होते तोवर त्यांनी कागद छापला, शिक्का मारला आणि "घ्या काका, काम झालं" म्हणून हातात दिला. त्यात लिहिले होते की साप्ताहिक 'धोटा'मधील इसम, चित्रकथेतील इसम व अर्जदार हे तिन्ही एकाच व्यक्तीचे उल्लेख असून तशी खात्री करण्यात आली आहे. खात्री कोणी व कशी केली, हे समजल्यास चंद्रा आभारी राहील.

६. विशालने दाखला वाचला आणि म्हणाला, "म्हणजे कबूलच की." 'धोटा'ने तो पहिल्या पानावर छापला. भूपेश हार घेऊन घरी आले. सुकन्याताईंनी दुसऱ्या भागाच्या प्रकाशनाला बोलावले. एक गृहस्थ चोरीला गेलेल्या टेम्पोची चौकशी करून गेले, त्यांना चित्र दाखवले तरी पटेना. आणि परवा आपल्याच कार्यालयाचा शिपाई पाण्याच्या टाकीचे झाकण हलवायला अर्जदाराला बोलवायला आला. चंद्राने त्याला जे ऐकवले ते अर्जात लिहिण्यासारखे नाही.

७. इथवर लिहून चंद्राने अर्ज वाचून दाखवला. अर्जदार पालथे पडून ऐकत होते. सहीसाठी पेन पुढे केले तर घेईनात. मग म्हणाले, "पेपरवाला काढ. पुस्तकवाला ऱ्हाऊ दे." का, असे विचारले तेव्हा म्हणाले, "इतकी वर्सं झाली, गेटावर सगले 'ए वॉचमन' बोलतात. ही पोरं नावानं हाक मारतात." चंद्राला फार वाईट वाटले. वाद घालायची तिची पूर्ण तयारी होती, ती तिने सोडून दिली.

तरी विषयातील 'रद्द' हा शब्द 'दुरुस्त' असा वाचावा. पेपरवाल्याला दाखल्यातून वगळावे व ते एक तारखेच्या आत वगळावे. पुस्तकवाल्याला राहू द्यावे. फक्त खाली आपल्या सहीने एवढा शेरा मारावा की, सदर इसमाने यापुढे कोणतेही जड वजन उचलू नये, आणि त्याला उचलायला सांगणाऱ्याने आधी त्याच्या घरी विचारावे.

आपला नम्र
(पाठीमुळे वाकता येत नाही, तरी नम्रच),

नवशा काळूराम तरे
(सही अर्जदाराची स्वतःची, आडवे पडून केलेली)

ठिकाण : शेलवणपाडा
दिनांक : २० फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) दाखल्याची झेरॉक्स
२) 'धोटा'चा अंक
३) डॉक्टरांची चिठ्ठी
४) चित्रकथा, एक प्रत (शेजारच्या रीमाची आहे, पाहून परत द्यावी)