मावशीचा नमुना

४ फेब्रुवारी

चि. प्रोफेसरीणबाईंस अनेक आशीर्वाद.

तुमच्या प्रयोगशाळेचं पत्र पोचलं. पाकिटावर नाव माझं होतं, पण फोडलं तुझ्या काकांनी. सोफे-खुर्च्या भरून देण्याच्या धंद्यापायी, या घरात येणारं प्रत्येक पाकीट कापडाच्या नमुन्यांचंच असतं, असा त्यांचा चाळीस वर्षांचा समज आहे. चहा घेता घेता ते मोठ्यानं वाचायला लागले. ‘आदरणीय महोदया’पर्यंत आवाज खणखणीत होता. ‘गुदद्वाराच्या कर्करोगाची पूर्वतपासणी’ इथे आल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, पत्र माझ्याकडे सरकवलं आणि मागच्या नळाचा वॉशर बदलायला गेले. नळ गळत नव्हता.

शोभतं का हे तुला? घरातली पहिली पदवी म्हणून आम्ही तुझा फोटो भिंतीवर लावला. शिकलेली माणसं दुर्बिणीतून वर तारे वगैरे बघतात. आमची पोर भिंग लावून बघते काय, तर हे. मला कुणी विचारलं तर मी सांगते, भाची रक्त तपासते.

म्हणे त्या जागेतून काडीनं पेशी घ्यायच्या आणि त्याच काडीवरून विषाणूही शोधायचा. मी हॉटेलच्या धुलाईघराची मुकादम आहे. रोज सहाशे चादरी माझ्या नजरेखालून जातात. लोक चादरींवर काय काय सोडून जातात ते पाहून मला कसलीच किळस उरलेली नाही. पण ते लोकांचं. माझं मी कुणाला दाखवायला बसलेले नाही.

फोन करू नकोस. फोन बैठकीत आहे आणि तुझ्या काकांचे कान हल्ली तिखट झालेत. लिहायचं तर लिही, नाहीतर विषय संपला.

तुझ्यावरची माया जिथल्या तिथे आहे. पत्र मात्र फाडलं.

तुझी मावशी


११ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

फाडलेल्या पत्राची दुसरी प्रत आणि तपासणीची छोटी पेटी सोबत पाठवते आहे. ही फाडलीस तर तिसरी पाठवीन. छपाईयंत्र आमचंच आहे.

तारे बघणारे पुष्कळ आहेत. ताऱ्यांकडे कुणी बघितलं नाही म्हणून आजवर कुणी दगावलेलं नाही. तू विचारतेस शोभतं का. मला काय शोभत नाही ते सांगते. परवा एक चांगले शिकलेसवरलेले गृहस्थ आमच्या खिडकीशी येऊन ‘पाठीच्या खालची तपासणी’ मागत होते. कारकुनानं त्यांना मणक्याच्या डॉक्टरांकडे धाडलं. गृहस्थ गेले, निमूट मणक्याचा एक्स-रे काढून घेतला, पण तो एक शब्द काही तोंडातून काढला नाही. आमच्या कारकुनाची तऱ्हाही तीच. तो या नमुन्यांच्या बाटल्यांना ‘त्या बाटल्या’ म्हणतो आणि चिमटीत धरतो. याला लोक सभ्यता म्हणतात. मला ती भेकडपणाहून वेगळी दिसत नाही.

आता नीट वाच. बारा वर्षांपूर्वी तुझ्या योनिमुखावरचा डाग डॉक्टरांनी काढला. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे आला होता. तोच विषाणू शेजारच्या कातडीत वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो, म्हणून तुला या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे. आम्ही सरसकट सगळ्यांना पत्रं पाठवलेली नाहीत. यादी काढली, आणि यादीत तू आहेस. आधी पेशी बिघडतात, गाठ पुष्कळ नंतर होते, आणि मधली वर्षं आपल्या हातात असतात. आणि हा विषाणू बहुतेक माणसांना कधी ना कधी गाठतोच. त्यावरून कुणाचं चारित्र्य ठरवणाऱ्यांनी आधी स्वतःची काडी पाठवावी.

काडी साध्या पाण्यात ओली करायची, साधारण दोन इंच आत घालायची, हळूहळू गोल फिरवत बाहेर काढायची आणि बाटलीतल्या औषधी पाण्यात ढवळायची. आदल्या दिवसापासून तिथे मलम लावायचं नाही. एवढंच. जमणार नसेल तर इथली नर्स घेईल. आणि खरं सांग, त्या जागी रक्त, दुखणं, गाठ असं काही आहे का? असेल तर नुसती काडी पुरत नाही, डॉक्टरांनी बघायलाच हवं.

आई बरी आहे. तिला सांगितलं तर ती आधी तुझ्यावर चिडली, मग माझ्यावर.

राग आला तरी लोभ ठेव.

तुझी भाची


२ मार्च

चि. प्रोफेसरीणबाईंस आशीर्वाद.

घे. निकाल आला. विषाणू सापडला नाही, पेशी निरोगी. तुमच्याच प्रयोगशाळेचा शिक्का आहे. दवाखान्यातल्या कारकुनानं ‘सापडला नाही’ला लाल पेनानं गोल करून दिला, तेवढाच काय तो तुमचा अभ्यास कामी आला.

विचारलं होतंस म्हणून सांगते, मला काही होत नाही. मी ठणठणीत आहे. कालच इस्त्रीच्या मोठ्या रुळात एक टेबलक्लॉथ अडकला, तो दोन जणींना निघेना, मी एका हातानं ओढून काढला. तुझ्या काकांनाही निकाल दाखवला. त्यांनी लांबूनच मान हलवली आणि बरं झालं म्हणाले.

आता ते धोका, यादी, विषाणू गप्प बसतो हे पुराण बंद. तुला खरं वाटत नसेल तर माझ्या पेशी पसरलेली ती तुमची काच स्वतः काढून बघ. खाली परवानगी लिहून सही करते आहे, म्हणजे नियमाचं निमित्त सांगायला नको. बघ आणि मग चार महिने तोंड मिटून बस.

ताईला नमस्कार सांग. तुला नेहमीइतकीच माया, आज थोडी जास्तच, कारण मी जिंकले.

तुझी मावशी


९ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझी परवानगी आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंना दाखवली. दोघींना एकदम बघता येईल असा सूक्ष्मदर्शक आहे, त्याखाली त्यांनी तुझी काच ठेवली.

अभिनंदन. तुझ्या गालाला कर्करोग नाही.

मावशी, मी तीन वर्षं दिवसभर पेशीच बघते. तुला चादरीवरून खोली कळते म्हणतेस ना, तसं आम्हालाही कळतं. त्या जागेच्या नमुन्यात आतड्याच्या कडेच्या उभट पेशी येतात, आणि थोडी घाणही येते, येणारच. तुझ्या काचेवर नुसत्या सपाट, स्वच्छ पेशी होत्या, वाळत घातलेल्या रुमालांसारख्या. त्यांच्यावर तोंडातल्या जंतूंच्या माळा. मधे पिठाचे चार कण. तू पाव खाऊन उठलीस आणि काडी तोंडात फिरवलीस. निदान चूळ तरी भरायचीस.

तुझ्याइतकीच मला आमची लाज वाटते. अहवालाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की त्या भागातल्या खास पेशी दिसल्या नाहीत. सपाट पेशी मोजण्यापुरत्या भरल्या, म्हणून निकाल तसाच पाठवला गेला. ते वाक्य बाईंनी लिहिलं, टंकलेखकानं छापलं, डॉक्टरांनी पाहिलं नाही, आणि कारकुनानं लाल गोल भलत्याच ओळीला काढला. इतक्या शिकलेल्या माणसांना एका धुलाईघराच्या मुकादमीणबाईंनी नुसत्या गालाच्या जोरावर फसवलं. मी बाईंना म्हटलं की हे वाक्य वर आणि मोठं हवं. त्या म्हणाल्या, अहवालाचा छापील साचाच तसा आहे. मी म्हटलं, म्हणूनच. तुझा निकाल रद्द केला आहे, आणि असे आणखी किती गेले ते आता शोधणार आहोत.

पण तुझं काय करू? परक्या बाईनं फसवलं असतं तर मी हसले असते. तू मला बघायला सांगितलंस, सही करून. मी बघूनही खपवून घेईन असं वाटलं, की मला कळणारच नाही असं?

उत्तर आलं नाही तर मी येईन, आणि काकांच्या देखत विचारीन.

तुझीच, सध्या संतापलेली भाची


१५ मार्च

चि. पोरीस आशीर्वाद.

काकांच्या देखत नको.

हो, गालच. न्हाणीघरात काडी हातात घेऊन अर्धा तास उभी होते. बाहेर तुझे काका दोनदा विचारून गेले की गरम पाणी संपलं का. मग काडी तोंडात घातली. तुला कळणार नाही असं वाटलं, हे खरं. मी तुला लहानच समजते.

बारा वर्षांपूर्वी त्या ऑपरेशनहून घरी आले तेव्हा जाऊबाईंनी माझा साबण वेगळा केला होता. टॉवेलही. कुणी काही बोललं नाही. मीही मुकाट्यानं वेगळा साबण वापरला, दोन वर्षं, त्या वेगळ्या राहायला जाईपर्यंत. ते तर जुन्या दुखण्यापायी. त्या अजून इथे असत्या आणि त्यांना ही नवी जागा कळली असती, तर त्यांनी मला भांडीही वेगळी दिली असती. तू म्हणशील हा मूर्खपणा आहे. आहेच. पण तो साबण तू नाही वापरलास.

दुसरं. रक्त जातं आहे. चार महिने झाले. मूळव्याध म्हणते मी, कुणाला म्हणजे स्वतःला. कपडे घरी धुतच नाही, धुलाईघरात नेऊन थंड पाण्यात भिजवते. गरम पाण्यानं रक्त बसतं. सतरा बायका हाताखाली आहेत, एकीलाही पत्ता नाही. तपासलं नाही तोवर ती मूळव्याध आहे. म्हणून तपासत नव्हते.

आता काय ते सांग. सल्ले कमी लिही.

तुझी मावशी


१९ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

सल्ला एकच. गुरुवारी सकाळी दहाला इथल्या डॉक्टरीणबाईंकडे तुझी वेळ घेतली आहे. काडी त्या स्वतः घेतील, बोटानं तपासतील आणि आत बघतीलही. मी बाहेर बाकावर असेन. तुझी काच मी वाचणार नाही. घरच्या माणसाची वाचू नये असा नियम आहे आणि या वेळी तो मला पटतो.

जाऊबाईंबद्दल जे लिहावंसं वाटलं ते लिहून खोडलं. हा विषाणू साबणातून लागत नाही, पण त्यांच्यासारख्यांचं डोकं कुठल्या साबणानं धुवावं ते विज्ञानाला अजून सापडलेलं नाही.

मूर्खपणा म्हणणार होते, म्हणत नाही. ये.

तुझी भाची


१८ एप्रिल

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

निकाल मिळाला. तुला तुमच्या मोठ्या बाईंनी सांगितला नाही म्हणे. चांगलं आहे, मीच सांगते.

विषाणू आहे, धोक्याच्या जातीचा. पेशी बिघडलेल्या आहेत. मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी व्हिनेगरसारखं काही लावून भिंगातून पाहिलं, एक जागा पांढरी पडली, तिथला कणभर तुकडा काढला. कर्करोग नाही. त्याच्या अलीकडची पायरी आहे, आणि फार अलीकडची नाही. ती जागा दोन मेला जाळायची, पुढे वर्षानुवर्षं तपासत राहायचं. आणि रक्त कसलं होतं माहीत आहे? मूळव्याधीचंच. मी चार महिने ज्याला घाबरत होते ते साधं निघालं, आणि जे खरं होतं ते दुखलंही नाही, दिसलंही नाही. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, माझं निदान बरोबर होतं. त्या म्हणाल्या, हो, अर्धं.

सगळं सोपं होतं असं लिहिणार नाही. पाय पोटाशी घेऊन कुशीवर झोपायचं, भिंतीवर एका बोटीचं चित्र आहे, त्या बोटीत किती खलाशी आहेत ते मला पाठ झालंय. सात.

फॉर्मवर सोबत कोण येणार असं विचारलं आहे. तुझं नाव लिहिलं, मग खोडलं. तुझ्या काकांचं लिहिलं. त्यांच्या लेखी अजून तो लाल गोलातला निकालच खरा आहे. तोंडानं सांगायला दोनदा बसले, दोन्ही वेळा कापडाच्या भावाबद्दल बोलून उठले. म्हणून हे पत्र आधी त्यांना वाचायला देते आहे. ते काही न बोलता नळाकडे गेले तर खालची जागा कोरी येईल, आणि मग दोन मेला तू ये.

तुझी मावशी

चि. भाचीस आशीर्वाद. पत्र वाचले. दोन मेला मी जाणार आहे, तू रजा घेऊ नकोस. बरेच महिने ही एका कडेवर बसत होती. मला वाटले खुर्चीची स्प्रिंग गेली, म्हणून मी खुर्ची उसवून दोनदा नवीन भरली. जाळल्यानंतर बसायला कशी उशी लागेल, किती जाड, मधे भोक ठेवायचे का, ते डॉक्टरांना विचारून लवकर कळव. कापड बेतून ठेवले आहे.

काका