मोटर वायंडिंगवाल्याचा कॉम्प्युटर

२ मे २०२५, शुक्रवार

आजपासून रोज लिहायचं. डायरी पंपवाल्या एजंटनं जानेवारीतच फुकट दिली होती, चार महिने कोरे गेले. गेले तर गेले. आता कामच असं निघालं की नोंद ठेवली पाहिजे.

मंजूले पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली. काम काय, तर नवीन गेम बाजारात यायच्या आधी हिनं खेळायचा आणि त्यातल्या चुका काढायच्या. खेळायचा पगार! कंपनीनं दोन रस्ते ठेवले. पुण्याले येऊन ऑफिसात बसा, नाहीतर घरून करा. पण घरून करायचं तर स्वतःचा दमदार गेमिंग कॉम्प्युटर पाहिजे आणि १० जूनले व्हिडिओ कॉलवर तो चालू करून दाखवला पाहिजे. मंजू म्हणे, पप्पा, मले घरूनच करायचं आहे. मी म्हणलं, मग झालं. एकुलती एक पोरगी पुण्याले कायले पाठवायची?

नवा कॉम्प्युटर आपल्याले परवडत नाही. सेकंडहँड पार्ट आणून मी स्वतः जोडणार. सव्वीस वर्षं पिंपळगाव राजात मोटर वायंडिंग करून राह्यलो. विहिरीतून काढलेली जळकी मोटर मी उभी करतो, हा तर नुसता डबा आहे. २० मेपर्यंत तयार.

५ मे, सोमवार

मंजूनं लिस्ट दिली. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक कार्ड, एसएमपीएस म्हणजे करंट पुरवणारा डबा. इतकं बारीक लिहिलं की विचारू नका. म्हणलं, कागद महाग झाला काय? मग तिनं वाचून दाखवलं. ऐकल्याबरोबर समजलं, म्हणजे डोकं एकदम तयार आहे.

खामगावले जाऊन आलो. एक सायबर कॅफे बंद पडला, त्याचं कॅबिनेट, मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस असं सगळं एका पोत्यात आणलं. मोटर तपासतो तसा एसएमपीएसले सिरीज बल्ब लावून पाह्यला. बल्ब भपकन लागला आणि विझला. मोटरीत असं होत नाही. पण विझला म्हणजे शॉर्ट नाही. पास.

९ मे, शुक्रवार

मलकापूरले शेखर नावाचा एक जण ग्राफिक कार्ड विकून राह्यला, असं समजलं. मंजूनं बजावलं होतं की आधी त्याले चालू करून दाखवायले लावा. पण त्याच्या घरी लाइट नव्हती. तो म्हणे, दोन वर्षं फक्त लग्नाचे अल्बम बनवले याच्यावर. चहा पाजला. माणूस साधा आहे. मी तोंड पाहून माणूस ओळखतो. तोंड नीट दिसलं नाही, लाइट नव्हती ना, पण आवाजावरूनही समजते. घेतलं.

कार्डाले दोन पंखे आहेत. एका पंख्याची तीन पाती तुटलेली आहेत, हे मंजूनं घरी आल्यावर सांगितलं. मले वाटलं डिझाइनच तसं.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा

सकाळी विहारात. मग घरी खीर. आल्या-गेल्या सगळ्याले पलंगावर मांडलेले पार्ट दाखवले. रवी पण आला. बसस्टँडवर कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे त्याचं. कार्ड उलटंपालटं करून पाह्यलं आणि म्हणे, भाऊ, मी जोडून देतो, तासाभराचं काम आहे, काही नका देऊ. तासाभराचं म्हणे! ज्या कामाले मी अठरा दिवस काढून ठेवले, ते हा तासाभरात करणार. मंजू लगेच म्हणे, हो ना रवीदादा. मी म्हणलं, खीर खा.

जाताना सिंधू त्याच्याशी दारात हळूहळू बोलून राह्यली होती. विचारलं तर म्हणे, खामगावात डोळ्याचा कॅम्प कधी आहे ते विचारलं. म्हणलं, कोणाचे डोळे? म्हणे, आहेत एकाचे. बायकोनं सरळ बोलल्याचं मले आठवत नाही.

१७ मे, शनिवार

प्रोसेसर बसवला. चिपच्या कोपऱ्यात म्हणे बारका त्रिकोण असतो, तो खुणेवर जुळवायचा. कंपन्या खूण करायले सुद्धा कंजूष झाल्या. सापडलाच नाही. त्यात दुकानाची ट्यूब कमजोर झालेली. मंजू म्हणे, मी पाहू का? म्हणलं, बाई, अर्ध्या तालुक्याच्या मोटरी या बोटांनी भरल्या. आपल्याले पाहावं लागत नाही, हाताले समजते. चाचपलं, थोडं फिरवलं, दाबलं. बसला. करकर असा आवाज आला. नवीन जोडणी आहे, आवाज येणारच.

ट्यूब बदलायची.

१९ मे, सोमवार

ट्यूब बदलली. नवीन पण कमजोरच निघाली.

गजेंद्र पाटलाची मोटर परत आली. तीन दिवसांत जळाली. या महिन्यातली ही चौथी. त्याले समजावलं की व्होल्टेजचा घोळ आहे. तर म्हणे, मग शेजारच्याची काऊन नाही जळत? काय बोलावं अशा माणसाशी. मंजूनं मोटर उघडून पाह्यली आणि हळूच म्हणे, पप्पा, यात तार दुसऱ्याच नंबरची भरली आहे. तारेच्या डब्यांवर नंबर इतके पुसट छापतात, त्याले मी काय करू?

मोटर फुकटात परत भरून द्यावी लागणार.

२४ मे, शनिवार. सकाळी ११:४०

चालू झाला! बटन दाबलं आणि पंखे फिरले, लाल-निळे लाइट लागले. सिंधूनं टाळ्या वाजवल्या, शेजारच्या वंदनाताई पण आल्या. स्क्रीनवर चित्र तेवढं आलं नाही. म्हणजे नव्वद टक्के काम झालं. मोटर फिरली की काम संपलं, पैसे घ्या. इथं फिरूनही झालं नाही म्हणतात.

मंजू खुर्चीवर काळ्या स्क्रीनसमोर बसून राह्यली. म्हणे, सतरा दिवस राह्यले पप्पा. म्हणलं, बम दिवस आहेत.

२६ मे, सोमवार

दोष सापडला. ओल! खोलीत कूलर चालू असतो, त्याचा दमटपणा बोर्डात शिरतो. आपल्या धंद्यात ओलीवर एकच इलाज, वार्निश. वायंडिंगले वार्निश पाजलं की दहा वर्षं पाहावं लागत नाही. मंजू मैत्रिणीकडे गेली होती, तेवढ्यात बोर्डाले वार्निश पाजलं. ब्रशनं, अगदी हळूहळू, रॅमच्या खाचा टाळून. म्हणजे टाळल्याच असतील, हात बसलेला आहे. बोर्ड असा चमकून राह्यला! ही आयडिया त्या यूट्यूबवाल्यांच्या बापाले सुचणार नाही.

४:३०. मंजू आली. बोर्ड पाह्यला, वास घेतला. सरळ आतल्या खोलीत गेली. बहुतेक इम्प्रेस झाली.

३० मे, शुक्रवार

आता पंखेही फिरत नाहीत. वार्निश कच्चं राह्यलं असणार. दुकानात माझी पत्र्याची पेटी आहे, आत दोनशे वॅटचे चार बल्ब, वार्निश केलेल्या मोटरी त्यात सुकवतो. तिच्यात बोर्ड ठेवला, तीन तास. प्लास्टिकचा एक कोपरा वाकला. फिटिंगले फरक पडत नाही.

मंजू म्हणे, पप्पा, बस करा ना आता, रवीदादाले दाखवू. माझं डोकं सटकलं. म्हणलो, तुलेच पुण्याले जायची घाई झालेली दिसते. ती रडली. असं बोलायले नको होतं. पूर्ण दिवस जीव लागला नाही कशात.

निश्चय: चिडायचं नाही. बोर्ड चालू झाला की हे आपोआप मिटेल.

४ जून, बुधवार

मंजू मले न सांगता बोर्ड रवीकडे घेऊन गेली. मले लागलं मनाले, लिहून ठेवतो. मागोमाग गेलो. रवीनं भिंग माझ्या हातात दिलं. म्हणे, पाहा भाऊ, प्रोसेसरच्या खालच्या पिना वाकल्या. पाह्यलं. म्हणे, किती वाकल्या दिसतात? म्हणलं, दोन. मग रवी खाली मान घालून म्हणे, अकरा आहेत भाऊ. आणि रॅमच्या खाचा वार्निशनं बुजल्या.

भिंग हलक्या दर्जाचं होतं.

तो म्हणे, अकोल्याहून दुसरा जुना बोर्ड मागवतो, चार दिवसांत येईल, माझ्यावर सोडा. म्हणलं, आमचं आम्ही पाहून घेऊ. बोर्ड घेऊन आलो. मंजू रस्त्यानं माझ्या दोन पावलं मागं चालून राह्यली होती. सुईनं पिना सरळ करणार.

७ जून, शनिवार

पिना सरळ करताना तीन तुटल्या. आठ शाबूत आहेत.

१० जून, मंगळवार

कॉल अकरा वाजता. मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मंजूच्या मागं उभा राह्यलो. मंजूनं मोबाइल उभा केला, त्यातून एक मॅडम पाहून राह्यली होती. मी बटन दाबलं. काही नाही. परत दाबलं. प्लग काढून लावला. काही नाही. मंजू सॉरी मॅम, सॉरी मॅम म्हणत राह्यली. मी मागून म्हणलं, मॅडम, आमच्याकडे व्होल्टेज डाऊन आहे, दोन दिवस द्या. मॅडम हसली. स्वभावानं चांगली वाटली.

पण निकाल असा की १ जुलैले पुण्याच्या ऑफिसात हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याले. मंजू हो म्हणली. माझ्याकडे पाह्यलं सुद्धा नाही. म्हणजे, पाह्यलंही असेल. उजेड समोरून होता.

११ जून, बुधवार

सिंधू आज भडाभडा बोलली. लग्नाले पंचवीस वर्षं झाली, असं बोलली नव्हती. म्हणे, पोरीनं घरून काम काऊन मागितलं, माहीत आहे का तुम्हाले? तिकडं ऑफिसात पहिल्या दिवसापासून तिच्यासाठी नवाकोरा कॉम्प्युटर ठेवलेला होता. सोबत निवडलेल्या पोरी मे महिन्यातच गेल्या. ही थांबली, कारण तुम्हाले डब्यावरचे नंबर दिसत नाहीत. तुमच्या बाजूले बसून नंबर वाचून द्यायचे आणि तिथंच आपलं काम करायचं, असं तिनं ठरवलं होतं. तुमच्या डोळ्यांसाठी थांबली पोरगी, आणि तुम्ही त्याच डोळ्यांनी तिचा बोर्ड जाळला.

सिंधूले वाढवून सांगायची सवय आहे.

मले दिसते. फक्त बारीक छपाई, संध्याकाळचा टाइम आणि समोरून उजेड असला की नाही दिसत. ते कोणाले दिसते?

जेवलो नाही. गरमी लय आहे, भूक लागत नाही.

२० जून, शुक्रवार

मंजूनं दुकानातल्या तारेच्या सगळ्या डब्यांवर मोठे आकडे चिकटवले. तळहाताएवढे, काळ्या मार्करनं. १८, १९, २०, २१. दुकानाची पार बालवाडी केली. गिऱ्हाईक काय म्हणेल? ती गेली की काढून टाकायचे.

भिंतीवरच्या खिळ्याले कॅम्पची चिठ्ठी पण अडकवली. तिच्यावरही आकडे मोठेच, ५ जुलै. जमलं तर पाहू. सध्या काम लय आहे.

आज दोन मोटरी भरल्या. लवकर झाल्या. हवा थंड होती म्हणून.

२८ जून, शनिवार

मंजूले सोडायले मी आणि सिंधू खामगावले गेलो. साडेपाचची पुण्याची ट्रॅव्हल्स. रस्त्याच्या कडेले दोन-तीन गाड्या लागलेल्या, सगळ्या पांढऱ्या. बॅग मीच उचलली. मंजूले म्हणलं, दिवाळीपर्यंत दुसरा बोर्ड टाकून कॉम्प्युटर चालू करून ठेवतो, मग परत घरून काम माग. हो पप्पा, म्हणली. पाया पडली. आईच्या गळ्यात पडून बम रडली. म्हणे, खिडकीत बसते, तिथून हात करते. आणि गर्दीत चढली.

मी खिडकीले हात केला. आतूनही काहीतरी हललं. मग मी चांगला वर हात करून हलवला. हलवतच राह्यलो. गाडी जागची हलेना, म्हणून सिंधूले म्हणलं, आज उशीर करून राह्यले हे लोक. तिनं माझा हात धरून खाली घेतला. म्हणे, मंजूची गाडी मघाच गेली, तुमच्या पुढूनच गेली. ही नागपूरची आहे. खिडकीत पडदा हलून राह्यला.

एसटीनं घरी आलो.

आत्ता मंजूचा फोन आला होता. चिखली सोडलं म्हणे. म्हणे, पप्पा, मी किती वेळ हात करत होते, काचेले टकटक पण केलं. दिसली ना मी तुम्हाले?

हो म्हणलो. एकदम चांगली दिसली म्हणलो.

ही डायरी माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, म्हणून लिहून ठेवतो. नाही दिसली.