नापास व्हायचा अभ्यास

ताई,

टेबलावर तुझ्या सरावाच्या पाच प्रश्नपत्रिका होत्या. एकूण प्रश्न एकशेवीस, बरोबर उत्तरं चार. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आहेत. डोळे मिटून खुणा केल्या असत्यास तरी तीसेक बरोबर आली असती. इतकं चुकायचं तर उत्तरं पाठ असावी लागतात.

इथून फोनवर जिजूंना म्हणतेस, "अरे, हे राजे-राण्या माझ्या लक्षातच राहत नाहीत." ते बिचारे बेलफास्टहून आणखी एक पुस्तक पाठवतात. तुला ब्रिटिश नागरिक व्हायचं नाही, आपला पासपोर्ट सोडायचा नाही, एवढंच ना? मग शनिवारच्या नागरिकत्वाच्या परीक्षेआधी त्यांना तसं सांग. थोडे चिडतील, मग भेटल्यावर स्वतःच चहा करून आणतील. नुसती नापास झालीस तर पुन्हा फी भरतील.

मी उद्या संध्याकाळपर्यंत कामावर, रिंगास्किडीच्या प्लँटवर आहे, म्हणून ही चिठ्ठी. आमटी केली आहे, भात तेवढा लाव. जिजूंना मी काही बोललेलो नाही.

अद्वय

ता. क. काल तू पोळ्या लाटत होतीस तेव्हा मी गप्पांच्या ओघात त्याच पुस्तकातले वीस प्रश्न विचारले होते. वीसपैकी वीस.