उजव्या कानाची खूण

१७ डिसेंबर, बुधवार
चि. अशोक कंपनीत गेला. सौ. सुनीता तिच्या शाळेत गेली. दार ओढून गॅलरीत बसलो. समोरच्या मैदानावर पांढरे मंडप उभे राहिले आहेत. कृषी प्रदर्शन. भोंग्याची गाडी क्रांती चौकापर्यंत फिरून सांगत होती की यंदा हरियाणाचा रेडा येणार.
संध्याकाळी अशोक म्हणाला, "आप्पा, जाऊन या की. तुमचा टाइम तरी जाईल." मी वेळ घालवण्यासाठी कोठे जात नसतो. तरी जाईन.
आज दूधवाल्याशी बोललो. तोही घाईत होता.

१८ डिसेंबर, गुरुवार
प्रदर्शनास गेलो. धुतलेले धोतर, लाल मुंडासे, खांद्यावर घोंगडी. प्रथम रेडा पाहिला. धिप्पाड जनावर, यात संशय नाही. त्याला रोज तूप पाजतात म्हणे. मला डॉक्टरांनी तूप बंद केले आहे. पुढे कुत्र्याएवढी गाय. लोक तिला कडेवर घेऊन फोटो काढत होते. गाय ही कडेवर घेण्याची वस्तू नव्हे. त्यापुढे फवारणीचे ड्रोन. औषधाऐवजी पाणी उडवत होते, बायका पदर सावरत पळत होत्या.
एका जोडप्याने मला विचारले, "काका, तुमचा स्टॉल कोणता?" स्टॉल नाही म्हणालो. तरी मुलाने माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. हात काढल्यावरही बराच वेळ खांद्याला जाणवत होता.
मेंढ्यांचा मंडप अगदी शेवटी, गर्दी नाही. एका कप्प्यात काळी, पांढऱ्या कपाळाची मेंढी उभी. उजव्या कानाच्या शेंड्याला खाच.
आमची खूण.
कप्प्यावरच्या पाटीवर नाव रखमाजीचे. माझा धाकटा भाऊ. तो चहाला गेला असावा. डावा कान पत्र्याच्या बाजूला होता, दिसला नाही. वळसा घालून पाहता आले असते. पाहिले नाही. तो परत येण्याआधी निघालो.
वडिलांचा नियम येथे लिहून ठेवतो, अशोकला तो ठाऊक नाही. आमच्या घराण्याची खूण उजव्या कानाला एक खाच. भाऊ वेगळे झाले की नुसती उजवी खाच थोरल्याची राहते. धाकट्याने आपल्या मेंढरांना डाव्या कानालाही खाच मारायची. थोरला गेला, त्याच्यामागे मेंढरे राखणारे कोणी उरले नाही, तरच धाकट्याने डावी खाच सोडायची. मग नुसती उजवी त्याची.
तर डाव्या कानाला खाच आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे. नसेल, तर रखमाजीच्या लेखी मी गेलो.

१९ डिसेंबर, शुक्रवार
पुन्हा गेलो. कोंबड्यांच्या पिंजऱ्यांआड उभा राहिलो. तेथून मेंढीचा कप्पा दिसतो. रखमाजी पोत्यावर बसलेला. पाठ माझ्याकडे. पाठीला थोडा बाक आला आहे. त्याचे वय तरी काय.
आज मेंढी तोंड इकडे करून उभी होती. पण डाव्या कानात सरकारी पिवळा बिल्ला, अर्धा कान झाकलेला. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू. पुष्कळ वेळ पाहिले. खाच म्हणावी तर खाच, सावली म्हणावी तर सावली.
एक गिऱ्हाईक आले. किंमत विचारली. रखमाजी उठलासुद्धा नाही. "इकायला नाय आणली. दावायला आणलीय." गिऱ्हाईक हसून म्हणाले, मग त्या रेड्याशेजारी बांधायची, कुणी तरी बघितली असती. रखमाजी म्हणाला, "ज्यानं बघायची त्यो बघंल."
आवाज तोच. वडिलांचा.
कोंबड्यांच्या माणसाने मला विचारले, बाबा, कोंबडा पाहिजे का. नको म्हणालो. मग उभे राहण्यास कारण उरले नाही.

२० डिसेंबर, शनिवार
गेलो नाही. दोन दिवस गेलो ते पुरे.
ट्रंक उघडून कपडे उन्हात घातले. तळाशी कान कापायची लहान सुरी, फडक्यात गुंडाळलेली. पात्यावर गंज. परत ठेवली.
अशोकला सुट्टी होती. जेवताना म्हणाला, काका आलेत ना प्रदर्शनात, गावच्या ग्रुपवर फोटो आहे. मी भाकरी मोडत राहिलो. "आप्पा, नंबर हाय माझ्याकडं. लावू का?" थोरल्याने आधी फोन लावावा असा रिवाज नाही. तसे सांगितले. सुनीता म्हणाली, "मग रिवाजालाच जेवायला बोलवा." अशोक हसला. मीही हसलो असतो, पण त्या वेळी ते शोभले नसते.
तीन वर्षांपूर्वी गुडघे गेले. अशोकने इकडे येण्याचा आग्रह धरला. कळप लासूर स्टेशनच्या बाजारात विकला. रखमाजीला विचारले नाही. माझा कळप, मी विकला. तो भर बाजारात म्हणाला, "दादा, मेंढरं इकली, आता खूण बी इकली म्हणा." त्यानंतर बोलणे नाही. अशोकची आई वारली तेव्हा तो आला, खांदा दिला, पाणी न पिता गेला.

२१ डिसेंबर, रविवार
शेवटचा दिवस. गेलो.
दुपारी मेंढ्यांची स्पर्धा. रिंगणाभोवती दोर लावलेला. मी दोराला लागून, पुढे उभा राहिलो. आज पिंजऱ्यांआड गेलो नाही. लोक थोडेच, बाकी सगळे रेड्याकडे. रखमाजी मेंढीला हाताने धरून आत आला. परीक्षक तरुण, गळ्यात माईक. त्याने मेंढीचे तोंड उघडले व दोनदाती म्हणून सांगितले. म्हणजे दोन वर्षांच्या आतबाहेरची. माझा कळप गेल्यानंतर जन्मलेली. तिचा कान कापला तेव्हा या मुलखात माझे एकही मेंढरू नव्हते.
मग त्याने कान पाहिले. बिल्ला बाजूला केला व दोन्ही कानांना खाचा कशाला म्हणून विचारले. माईक चालू होता.
"उजवी घराची. डावी माझी."
"मग नुसती उजवी कुणाची?"
"थोरल्याची."
"त्यांनी नाही आणली मेंढरं?"
रखमाजीने बिल्ला सरळ केला. म्हणाला, "नायत त्याच्याकडं. सध्या."
भोंग्यातून ते सगळ्या मैदानावर ऐकू गेले. रेड्याभोवतीच्या लोकांनाही गेले असेल. त्यांना त्याचे काय.
त्याने मला पाहिले की नाही, सांगता येत नाही. मान वर केली नाही. पण सर्वांनी आपापली मेंढी रिंगणात एक फेरी फिरवली. रखमाजीने दुसरी फेरी फिरवली, व दोराच्या माझ्या बाजूला आल्यावर चाल हळू केली. डावा कान माझ्याकडे होता. खाच स्वच्छ आहे. हात अजून चांगला आहे त्याचा.
बक्षीस दुसऱ्या मेंढीला मिळाले. योग्यच होते, ती अंगाने भरलेली होती.
नंतर कप्प्याकडे जाण्यास निघालो. रेडा ट्रकमध्ये चढवत होते, वाट अडलेली. गर्दी सरेपर्यंत थांबलो. पोचलो तेव्हा कप्पा रिकामा. खाली थोडा हिरवा चारा व लेंड्या. तेथे उभा राहिलो. झाडणारी बाई आली व म्हणाली, "बाबा, जरा बाजूला व्हा."

२२ डिसेंबर, सोमवार
मंडप उतरवत आहेत. रेडा उभा होता तेथे मोठा ओला डाग.
रखमाजीचा मेंढवाडा सध्या लासूर स्टेशनच्या शिवारात बसतो, असे अशोकने न विचारता सांगितले. गाडी किती वाजता असते, ते मला ठाऊक आहे.
संध्याकाळी ट्रंकेतून सुरी काढली. सुनीताच्या पाट्यावर थोडे पाणी घालून गंज उतरवला. धार लावली. अंगठ्यावर पाहिली.
अशोक दारात येऊन उभा राहिला. "आप्पा, हे कशाला आता?"
गंज चढू नये म्हणून, असे मी सांगितले.
तो गेल्यावर सुरी फडक्यात गुंडाळली. ट्रंकेत ठेवली नाही. खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात आहे.