शून्यावरचे ठिपके

३ जून, सोमवार

रात्रभर बोटीत डुकरांच्या खोक्याला टेकून बसले होते, तरी नेइआफू बंदराच्या धक्क्यावर उतरले ती हसतच. नोकरी मनासारखी मिळाली आहे. बंदर कचेरीत बसून समुद्रात हरवलेल्या माणसांचा नकाशा कॉम्प्युटरवर तयार करायचा. एक माणूस म्हणजे एक ठिपका. ठिपक्यावर क्लिक केलं की नाव, गाव, वय उघडणार. राजधानीत इतकी वर्षं निर्यातीच्या भोपळ्यांचे आलेख काढून मीच भोपळा व्हायची बाकी होते. शिवाय या नकाशात माझा लातु येणार. एकोणीस वर्षांचा होता, मासेमारीला गेला तो आलाच नाही. त्याची एक निळी चप्पल तेवढी किनाऱ्याला लागली, ती माझ्या पिशवीत असते. त्याचं नाव कुठेतरी उजळलेलं दिसावं, एवढीच माझी हाव आहे.

घरमालकीण टेलेसिया. तिचाही मुलगा फेलेती असाच गेला. सुतकात कमरेला गुंडाळायची चटई तिनं अजून सोडलेली नाही, मीही नाही. आम्ही एकमेकींच्या चटयांकडे पाहिलं आणि भाड्याची घासाघीस तिथेच आटोपली. जेवायला नारळाच्या दुधातली अळूची पानं होती. मी दोनदा मागून घेतली.

६ जून, गुरुवार

नकाशा देखणा झालाय, माझ्याच तोंडानं सांगते. वर्ष सरकवलं की ठिपके उजळतात, विझतात. एकच घोळ आहे. ज्यांची होडी कुठे बुडाली ते कुणालाच ठाऊक नाही, त्यांची जागा कोरी आहे. कोरं म्हणजे शून्य, असं यंत्राला वाटतं. मग ते त्या सगळ्यांना जगाच्या शून्यावर, म्हणजे शून्य अक्षांश-रेखांशावर, नेऊन टाकतं, आफ्रिकेजवळच्या समुद्रात. तिथे ठिपक्यांचा ढीग झालाय. साहेब सेमिसी खो खो हसला. म्हणाला, बाई, आपली पोरं आफ्रिकेला पोहत गेली होय!

मला राग आला. त्या ढिगात लातु आहे, फेलेती आहे. सेमिसी गेल्यावर मी लातुचा ठिपका उघडला आणि पडद्यावरच्या नावावर हात ठेवून बसले.

संध्याकाळी टेलेसियाबरोबर कबरस्तानात गेले. देह नाही, तरी तिनं फेलेतीसाठी पांढरी वाळू रचली आहे, डोक्याशी गोधडी टांगली आहे. गोधडीवर त्याचं नाव भरलंय. प्रत्येक टाका आपल्या हातचा, असं तिनं मला दोनदा सांगितलं.

१२ जून, बुधवार

सोमवारी परदेशी पाहुणे येणार, त्याआधी तो ढीग काढ, असा सेमिसीचा हुकूम. करून पाहावं म्हणून एका ठिपक्यावर गेले आणि 'वगळा' दाबलं. तो नेमका फेलेतीचा निघाला. म्हटलं, चित्रातूनच जातो, मूळ माहिती जागच्या जागी राहते.

घरी आले तर टेलेसिया गाणं म्हणत मासे तळत होती. कमरेला चटई नाही. फेलेतीचं काही बोलले, तर म्हणाली, कोण गं फेलेती? मला कुठलं आलंय मूल! चेष्टा करतेस का म्हातारीची?

१४ जून, शुक्रवार

माझ्या पलंगावर फेलेतीची गोधडी, धुऊन अंथरलेली. टेलेसिया सांगत होती की इतकी छान गोधडी कुणी वेड्यानं वाळूत टाकून दिली होती. वर कुणाचं तरी नाव होतं, ते तिनं उसवून टाकलं. शेजारणीला विचारलं, पाद्रीबाबांना विचारलं. फेलेती कुणालाच आठवत नाही. मला तेवढा आठवतो, मूळ माहितीत त्याचं नाव रोज डोळ्यांसमोर असतं म्हणून असेल.

धावत कचेरीत गेले, ठिपका परत आणला.

परतताना तिचा आक्रोश रस्त्यापर्यंत ऐकू आला. पोरगा आत्ताच गेल्यासारखा. गोधडी छातीशी धरून ती विचारत होती, माझ्या लेकराचं नाव कुणी उसवलं? मला सांगवलं नाही.

१६ जून, रविवार

आज कचेरीला कुलूप. रविवारी इथे कुणी कामाला हात लावत नाही. टेलेसियाला सगळं सांगितलं. ती माझे पाय धरून म्हणाली, पोरी, त्या दोन दिवसांत मी पोटभर जेवले गं, झोपले. पुन्हा पूस त्याला.

मी नाही म्हटलं. ती मला दगडाच्या काळजाची म्हणाली. असेन. लातु गेल्यापासून मीही धड झोपलेले नाही, पण हे दुखणं मला हवंय. तेवढाच तो उरलाय माझ्याकडे. हसताना डोळे मिटायचा. चपला नेहमी उलट्या सोडायचा.

उद्या लवकर जाऊन सेमिसीला अडवायचं.

१७ जून, सोमवार

पाहुणे खूश. सकाळी टेलेसियाची समजूत घालता घालता कचेरीला उशीर झाला — कसली समजूत, आठवत नाही. सेमिसीनं माझ्याआधी येऊन काम उरकलं होतं. वगळलेले ठिपके पुन्हा उगवतात म्हणून त्यानं शून्यावरचा सगळा ढीग मूळ माहितीतूनच पुसला. प्रतसुद्धा ठेवली नाही. बरं झालं, नकाशा स्वच्छ दिसतो.

टेलेसियानं मासे तळले. खूप हसलो. गाढ झोप येतेय.

१८ जून, मंगळवार

पिशवीत एक निळी चप्पल. एकच. पुरुषाची. टेलेसिया म्हणते, फेकून दे. फेकवत नाही —

कमरेची चटई सोडायला गेले, हात थांबले. ही कुणासाठी?

१९ जून

मागची पानं वाचली. अक्षर माझं. लातु, लातु — कोण हा? एकोणीस वर्षांचा. माझा, असं लिहिलंय. वाचते तोवर असतो, पान उलटलं की —

कचेरीत शोधलं. कुठेच नाही. सेमिसीला विचारलं, तर म्हणाला, बाई, तुला मूल कधी होतं?

चप्पल उशाशी घेतली आहे.

उलटी ठेवते. का ते —

२०

रडू थांबत नाही. कशाचं, ते कळत नाही.

मी कुणाची तरी आई होते. नाव मागच्या पानावर आहे. आत्ताच वाचलं. डोळे मिटून हसायचा. त्याचं नाव —