रेवाच्या पुस्तकानंतर केलेली व्यवस्था

मी, सीमा सुजय चुरी, वय ६५, राहणार वटार, तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने करीत आहे. माझे डोळे अधू झाले आहेत, डोके नाही, तसा डॉ. रोवेना डिमेलो यांचा दाखला सोबत आहे. याआधीच्या मृत्युपत्रात मी सर्व काही नणंद रेवा हिला दिले होते. ते मृत्युपत्र मी रद्द करते.

कारण लिहायची कायद्याला गरज नाही, असे वकील म्हणाले. मला आहे.

१९९० साली माझे यजमान कुवेतला नोकरीत होते. मी त्यांच्यासोबत, आणि त्यांची धाकटी बहीण रेवा शिकायला आमच्याकडे. युद्ध पेटले तेव्हा आम्ही तिघे जॉर्डनकडे जाणाऱ्या बसगाड्यांपाशी पोहोचलो. यजमान पाण्याचा कॅन भरायला गेले. इतक्यात आमची बस निघाली. मी चढेना. रेवा म्हणाली, "वहिनी, दादा मघाच्या बसने पुढे गेलाय. मी बघितलं."

मी चढले. अम्मानला ते नव्हते. चौकशीचे अर्ज केले, कुठूनही उत्तर आले नाही. स्वतःचा जीव घेऊन ते पुढे गेले आणि तिकडेच राहिले, असे मी धरून चालले. माहेरी वटारला आले ती नवऱ्याने टाकलेली म्हणून. त्यांचा फोटो कधी भिंतीवर लावला नाही. सासरचे एकच माणूस धरून ठेवले, ते रेवा. वाडीतली चाफ्याची फुले विकून तिला शिकवले. ती मुलांसाठी गोष्टी लिहू लागली, नावारूपाला आली, तेव्हा गावात पेढे मी वाटले.

गेल्या वर्षी तिचे तरुणपणाच्या आठवणींचे पुस्तक आले. तिचा मुलगा उमंग ते मला दुपारी ओटीवर वाचून दाखवत असे. एके दिवशी तो मध्येच थांबला आणि म्हणाला, "मामी, आज राहू दे." मी वाच म्हटले. त्यात लिहिले होते की दादा कुठल्याच बसमध्ये चढला नव्हता. बस हातची जाईल या भीतीने ती खोटे बोलली, आणि मागच्या काचेतून तिने त्याला भरलेला कॅन घेऊन आमच्यामागे धावताना पाहिले.

रेवा नायगावहून आली. रडली. म्हणाली, "मी सतरा वर्षांची होते, वहिनी."

मी म्हटले, "पुस्तक लिहिलंस तेव्हा नव्हतीस."

तोंडाने सांगायचा धीर झाला नाही, लिहिताना झाला, असे तिचे म्हणणे. तिच्या प्रामाणिकपणाचे वाचकांनी कौतुक केले. मला मात्र ते त्या वाचकांच्याही नंतर कळले, तेही तिच्या मुलाच्या तोंडून.

सबब, वडिलांकडून बक्षीसपत्राने मिळालेली वाडी व राहते घर मी उमंग याला देते. चाफा तोडून तिथे इमारत उठवू नये. बँकेतील शिल्लकही त्याचीच.

रेवाने सही करून दिलेली गोष्टींची पुस्तके तिची तिला परत करावीत. आठवणींचे पुस्तक उमंगने ठेवावे. त्याच्या मामाची शेवटची खबर त्यात आहे.

मंगळसूत्र मी अम्मानला काढले होते, ते आता पुन्हा घातले आहे. लोकांना हसू द्या. ते माझ्या अंगावरून काढू नये.

यजमानांचे क्रियाकर्म कोणी केलेले नाही. माझ्या दहाव्याला उमंगने आधी त्यांचा पिंड ठेवावा, मग माझा.

त्या दिवशी गाव जमेल. गावाने पुस्तक वाचलेले नाही. रेवाने सर्वांसमोर उभे राहून, पुस्तकी भाषेत नव्हे, आपल्या घरच्या बोलीत सांगावे की तिचा दादा बायकोला टाकून गेला नाही, तो बसमागे धावत होता. याबद्दल तिला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. तरी तिने सांगावे.

वाचून घेतले, समजले, सही केली.
सीमा सुजय चुरी

आमच्यासमक्ष सही झाली:
१. हर्षवर्धन राऊत, वटार
२. मेलरॉय लोपीस, वटार

ठिकाण: वसई
दिनांक: ७ नोव्हेंबर २०२५